घर तिचं, टेम्पो त्याचा, हप्ता कुणाचा?

लग्न जमवायला मध्यस्थ असतात, मोडायला वकील असतात, आणि मोडून झाल्यावर मागे राहिलेला हप्ता मागायला मी असायचे. भिवंडीतल्या एका पतसंस्थेत वसुली अधिकारी म्हणून माझी अख्खी नोकरी गेली. वसुली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठ्या मिशांचा, दारावर लाथ घालणारा माणूस येतो. प्रत्यक्षात दारात यायचे मी. अंगावर सुती साडी, डोक्यावर हेल्मेट आणि पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या. या वड्या माझ्यासाठी नसायच्या. कर्जदार रडायला लागला की त्याला पाण्याबरोबर काहीतरी द्यावं लागतं.

आता निवृत्त झाल्यावर भेटेल तो विचारतो, "मॅडम, शिव्या फार खाल्ल्या असतील ना?" खाल्ल्या की. पण त्याहून जास्त चहा प्यायले, आणि खरं सांगायचं तर हसले त्याहूनही जास्त. आमचा एक लूमवाला होता, यंत्रमागाचा कारखाना चालवणारा कर्जदार. फोन केला की ओरडून सांगायचा, "मैडम, कसम से, लूम बंद पड़े हैं, धंदा चौपट हो गया!" एकदा मी म्हटलं, "भाईजान, लूम बंद हैं तो इतना चिल्ला क्यों रहे हो?" पलीकडे क्षणभर फक्त लूमची खडखड ऐकू आली आणि मग तो असा खदखदून हसला की मलाही हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी हप्ता घेऊन हजर. असली माणसं जिथे भेटतात त्या नोकरीबद्दल मी तक्रार कशाला करू?

ज्यांचा आमच्या धंद्याशी कधी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगते. माणसाकडे घर असतं, पण हातात पैसा नसतो. मग तो घराचे कागद आमच्याकडे गहाण ठेवतो आणि कर्ज उचलतो. घरात राहतो तोच. तिथे स्वयंपाक होतो, पाहुणे येतात, दिवाळीला रंग लागतो. फक्त कागद आमच्या तिजोरीत. हप्ते फिटले की कागद परत, नाही फिटले तर घरावर जप्ती. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर कर्जालाही दोघांच्या सह्या लागतात. आणि इथेच सगळे फसतात. लोकांना वाटतं, दोघांच्या सह्या म्हणजे अर्धं त्याचं, अर्धं तिचं. तसं नसतं. सगळं कर्ज त्याचं आणि सगळं कर्ज तिचंही. एकाने हात वर केले की दुसऱ्याकडून पूर्ण घ्यायचं. घटस्फोटाच्या निकालात 'कर्ज नवऱ्याने फेडावे' असं लिहिलेलं असलं तरी ते त्या दोघांमधलं झालं. त्याने नाही भरलं तर ती त्याला कोर्टात खेचू शकते, पण आमची नोटीस दोघांच्याही दारात जाते.

हे मी सांगून सांगून दमले. अंबाडीच्या एका जोडप्याने तर कमाल केली. वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा त्यांनी घराच्या मधोमध प्लायवूडची भिंत घातली, नोटरीकडून कागद करून आणला आणि मला म्हणाले, "मॅडम, हॉलचा हप्ता मी भरीन, किचनचा तिच्याकडून घ्या." मी विचारलं, "आणि संडासाचा?" त्यावर दोघं तिथेच भांडायला लागले. मी घरी येऊन ही गंमत सगळ्यांना सांगितली होती. पुढे तो रुसला म्हणून त्याने हॉलचा भरला नाही, त्याने भरला नाही म्हणून तिने किचनचा भरला नाही, आणि शेवटी हॉल, किचन, प्लायवूडची भिंत, सगळंच लिलावात गेलं. घर रिकामं होत होतं तेव्हा ती बाई ओट्यावरून शेवटचं फडकं फिरवत होती. आजही अंबाडी नाक्यावरून जाताना मला त्या घराकडे बघवत नाही. मनीषाचं प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा पहिल्यांदा मला आठवलं ते फडकंच.

मनीषा काल्हेरला राहायची. गोडाऊनमध्ये काम करणाऱ्या पोरांना डबे द्यायची. तिच्या हातच्या सुक्या जवळ्यासाठी माणसं शिफ्ट बदलून घ्यायची म्हणे. नवरा रवी मूळचा अंजूरचा. लग्नानंतर दोघांनी मिळून काल्हेरला छोटा फ्लॅट घेतला, दोघांच्या नावावर. पुढे रवीच्या डोक्यात टेम्पो आला. फ्लॅटचे कागद आमच्याकडे ठेवून त्यांनी कर्ज काढलं आणि त्या पैशातून टेम्पो घेतला.

रवी माणूस वाईट नव्हता. त्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं, एवढाच त्याचा दोष. कुणाच्या हळदीला डीजेचे स्पीकर न्यायचेत, रवीचा टेम्पो. कुणाचं घर बदलायचंय, रवीचा टेम्पो. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे फुलांनी सजलेला असायचा तो रवीचा टेम्पो, आणि त्याच्या टपावर नाचणारा स्वतः रवी. भाडं कुणाकडे मागेल तर शपथ! मनीषाने वर्षानुवर्षं डिझेलचे पैसे डब्यांच्या कमाईतून काढले, मग एक दिवस तिचं डोकं फिरलं. भांडणं झाली, नातेवाइकांच्या बैठका झाल्या, आणि शेवटी दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. फ्लॅट मनीषाकडे आणि मुलगी तिच्याजवळ. टेम्पो रवीकडे, आणि टेम्पोचं कर्ज फेडायची जबाबदारीही रवीची. कागदावर अगदी शहाण्यासारखी वाटणी.

फक्त कर्ज उभं होतं फ्लॅटवर. रवीने हप्ते चुकवायला सुरुवात केली आणि नोटीस गेली मनीषाला.

ती आली तेव्हा तिच्या हातात कोर्टाचा निकाल होता, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. "मॅडम, इथे लिहिलंय ना त्याने भरायचं म्हणून? मग मला नोटीस कशाला?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी पर्सकडे हात नेला, पण मनीषा रडणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, "म्हणजे तो मिरवणुकीत नाचणार आणि माझं घर जाणार?"

"त्याने नाही भरलं तर, हो."

"मग माझ्या एकटीच्या नावावर करा कर्ज. त्याच्या भरवशावर मला झोप नाही लागायची. मी भरते."

असं करता येतं. जुनं कर्ज बंद करून तिच्या एकटीच्या नावाने नवं द्यायचं, आणि फ्लॅट गहाण ठेवायला रवीची सहमालक म्हणून फक्त संमती घ्यायची. डब्यांची कमाई पुरेशी होती, ते मी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून पाहिलं होतं. अडचण होती जामीनदारांची. जामीनदार म्हणजे कर्जदाराने पैसे बुडवले तर मी भरीन अशी सही देणारा माणूस. आमच्या संस्थेची यात एक जुनी रीत होती. जोडप्याच्या कर्जाला एक जामीनदार माहेरचा घ्यायचा आणि एक सासरचा. हप्ता चुकला की दोन्ही घरांतून कान उपटणारं कुणीतरी हवं, हा त्यामागचा हिशोब. हिशोब चांगला होता, पण लग्न मोडल्यावर काय करायचं हे रीत घालणाऱ्यांना सुचलं नव्हतं. त्यामुळे रवीच्या आणि मनीषाच्या कर्जाला जामीन होते मनीषाचा भाऊ आणि रवीची आई.

भाऊ नव्या कर्जालाही सही द्यायला तयार होता. दुसरा जामीनदार मिळेना. मनीषाने सगळीकडे शब्द टाकून पाहिला. गोडाऊनचा एक सुपरवायझर रोज तिच्या जेवणाची तारीफ करायचा. जामिनाचं विचारल्यावर त्याने डबाच बंद केला. "मॅडम, जामीन नाही तो नाही, गिऱ्हाईकही गेलं," असं सांगून ती स्वतःच हसली. मला मात्र हसू आलं नाही. जप्तीचा प्रस्ताव तयार होता आणि संचालक मंडळाची सभा तोंडावर आली होती. सभेपर्यंत दुसरी सही आली नाही तर प्रस्ताव मंजूर होणार, हे मला दिसत होतं.

सभेच्या दिवशी सकाळी आमचे मॅनेजर भोईर साहेब यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मनीषा भावाला घेऊन आली. रवी आला तो दारातूनच, "जयभीम मॅडम!" हप्ता थकलेला असो की भरलेला, त्याच्या जयभीममध्ये कधी फरक पडला नाही. मीही हसून जयभीम घातला. मनीषाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं. मग अंजूरहून रिक्षाने यमुनामावशी आल्या, रवीची आई.

यमुनामावशी सरकारी दवाखान्यात आया होत्या, तालुक्यातल्या अर्ध्या पोरांना पहिली आंघोळ त्यांनीच घातली असेल. सरकारी पगाराचा जामीनदार म्हणजे पतसंस्थेच्या दृष्टीने सोनं, कारण थकलेला हप्ता सरळ पगारातून कापून घेता येतो. म्हणून सगळं गाव त्यांच्याकडे सही मागायला जायचं आणि मावशी सगळ्या गावाला चहा पाजून परत पाठवायच्या. आयुष्यात त्यांनी सही दिली होती ती एकट्या रवीच्या कर्जाला. नोकरी संपायच्या आत घरावर स्लॅब घालायचा एवढीच त्यांची इच्छा होती, आणि आता मुलाचे हप्ते थकल्यावर त्यांच्याच पगाराला कात्री लागायची वेळ आली होती.

भोईर साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. "मावशी, तुम्ही घाबरू नका. मनीषाला दुसरा जामीनदार मिळाला की कर्ज तिच्या नावावर होईल आणि तुम्ही सुटलात."

"सुटले म्हंजे?"

"म्हणजे तुमचा जामीन संपला. पगाराला हात लागणार नाही. आता ती काही तुमची सून नाही, तुमचा संबंधच राहत नाही."

"मंग दुसरा जामीनदार कशाला शोधता?" मावशी म्हणाल्या. "मी मेले काय?"

भोईर साहेबांना वाटलं, मावशींना नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश, जरा मोठ्या आवाजात. मावशींनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "बाय, हा असा का बोलतो? मना ऐकू येतं."

"ते म्हणतायत की नीट विचार करा," मी म्हटलं. "मनीषाने उद्या हप्ता चुकवला तर तुमच्या पगारातून कापला जाईल."

"ही चुकवल? माझ्या घरात होती तवा हिनं दूधवाल्याचा पैसा ठेवला न्हाय कधी. चुकवनारा ह्यो बसलाय की कोपऱ्यात."

"आये, सगळ्यांसमोर काय बोलतेस!" रवी कळवळला.

"मंग कुठं बोलू? घरी तू असतोस काय?" मावशींचा आवाज आता चढला होता. "ह्याच्यासाठी सही केली तवा कुनी म्हनलं न्हाय, मावशी, इचार करा. माझा पोऱ्या हाय म्हनून डोळं मिटून केली, तर ती चालली. आज डोळं उघडं ठेवून करते, तर म्हनं इचार करा! कुठं करायची सही? दाव."

भोईर साहेब जागेवरून उठलेच. इतक्या वर्षांत जामिनातून नाव काढा म्हणून पाया पडणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते. नाव घाला म्हणून भांडणारी ही पहिलीच. मनीषाचा भाऊ खाली बघत होता. मनीषाने कॅलेंडरवरची नजर काढली आणि मावशींकडे पाहिलं. वसुली अधिकाऱ्याने ऑफिसात रडायचं नसतं, म्हणून मी एक वडी तोंडात टाकली.

मावशींनी पेन हातात घेतलं आणि तसंच थांबवलं. "पन एक हाय. हप्ता हिनं भरायचा तर टेम्पो हिच्या नावावर करायचा."

"आणि मी काय करू?" रवी उभाच राहिला.

"तू? हात-पाय हलव. चांगले धडधाकट दिलेत मी तुला."

तो टेम्पो म्हणजे रवीचा जीव होता. तो खिडकीशी गेला. खाली रस्त्यावर टेम्पो उभा होता. तिथून रवी बराच वेळ हलला नाही. आम्ही कुणी त्याला घाई केली नाही. आईचा पगार, पोरीचं घर, सगळं त्याच्या एका किल्लीवर आलं होतं, आणि तो बेफिकीर असला तरी दगड नव्हता. त्याने खिशातून किल्ली काढली आणि मनीषासमोर टेबलावर ठेवली.

मनीषाने किल्लीकडे पाहिलं. मग रवीकडे. घटस्फोटानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली असावी.

"डिझेल आहे का टाकीत?"

"असेल की," रवी म्हणाला. मग डोकं खाजवत, "घरापर्यंत जाईल बहुतेक."

आधी भोईर साहेब हसले, मग मी, मग मनीषाचा भाऊ, आणि शेवटी मनीषासुद्धा पदर तोंडाला लावून हसली. या सगळ्या गोंधळात मावशींनी शांतपणे, एकेक अक्षर कोरत सही केली. संध्याकाळच्या सभेत जप्तीच्या प्रस्तावाऐवजी मनीषाचं नवं कर्ज मंजूर झालं. फ्लॅटवरचं रवीचं नाव तूर्तास तसंच ठेवायचं आणि कर्ज फिटल्यावर त्याने आपला हक्क सोडायचा, असंही ठरलं.

पुढची गोष्ट ऐकाल तर तुम्हालाही मजा वाटेल. मनीषाने टेम्पो काल्हेरच्याच एका गोडाऊनला महिन्याच्या करारावर लावला. पहिला ड्रायव्हर आगाऊ पगार घेऊन गावाला गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्याने गेटच्या खांबावर आपटून गाडीचा आरसा फोडला. तेव्हा रवी तिच्या दारात गेला आणि म्हणाला, "या गाडीचा क्लच फक्त मला कळतो. पगार काय देशील?" मनीषाने पगार सांगितला, वर अट घातली की हळदीचे स्पीकर बंद. गाडी फुकट बाहेर काढायची ती फक्त जयंतीला, आणि त्या दिवशीचं डिझेल ड्रायव्हरने घालायचं. रवीने मान्य केलं.

मी एकदा जेवायला गेले होते तेव्हा विचारलं, "कसं चाललंय तुमचं?" मनीषा भाकरी थापता थापता म्हणाली, "मॅडम, नवरा म्हणून नापास होता, पण ड्रायव्हर झकास आहे. ड्युटीवर वेळेत येतो, पगार घेतो आणि संध्याकाळी आपल्या घरी जातो. अजून काय पाहिजे?" काही वाचक आता त्यांच्या पुन्हा लग्नाची वाट बघत असतील. तसं काही झालं नाही. दोघांनाही ते नको होतं. दोघंही आधीपेक्षा मजेत होती, आणि त्यांची पोर दोन्ही घरी हक्काने उड्या मारत होती. मावशींच्या पगारातून हप्ता कधीच कापावा लागला नाही. घरावर स्लॅब पडला, त्याची सिमेंटची पोती मनीषाच्या टेम्पोने नेली. भाडं घेतलं का, असं मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "घेतलं की! धंदा हाय तिचा."

कर्ज मुदतीच्या आधीच फिटलं. तोवर मी निवृत्त झाले होते, तरी हक्कसोडपत्राच्या दिवशी मनीषाचा फोन आला, "मॅडम, तुम्ही पाहिजेच." नोंदणी कार्यालयात व्यवहार करणाऱ्यांना ओळखणारे दोन साक्षीदार लागतात. एक मी होते आणि दुसऱ्या यमुनामावशी. नव्या साडीत, केसांत गजरा. बाकावर आमचा नंबर यायची वाट बघत त्यांनी आम्हा सगळ्यांना डब्यातल्या करंज्या खायला घातल्या, शिपायालासुद्धा.

नंबर आला. रवीची सही झाली, अंगठा झाला. कामाने थकलेला पण बोलायला गोड असा एक तरुण कारकून पडद्यावर बघत माहिती भरत होता. त्याने मावशींना विचारलं, "मावशी, लिहून देणारे हे तुमचे कोण?"

"पोऱ्या माझा."

"आणि लिहून घेणाऱ्या ह्या? सून का?"

समोरच्या कागदावर मनीषाच्या नावापुढे 'घटस्फोटित' असं छापलेलं होतं. रवी चपलेकडे बघायला लागला. मनीषा काहीतरी सांगायला पुढे झाली, पण तिच्या आधीच मावशी बोलल्या.

"तिला मी जामीन हाय."

कारकुनाने कागद उलटून पाहिले. "पण मावशी, कर्ज तर फिटलंय. संस्थेचा दाखला जोडलाय इथे. तुमचा जामीन संपला."

"कर्ज फिटलं ते फिटलं," मावशी म्हणाल्या. "मी हाय अजून."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. असलं नातं भरायला त्याच्याकडे जागा नसावी, त्याने 'ओळखतात' एवढंच टाइप केलं आणि कॅमेरा मावशींकडे वळवला. मावशी घाईघाईने भलतीकडेच बघायला लागल्या. मनीषाने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरचा पदर सारखा केला, हनुवटीला हात लावून तोंड समोर फिरवलं आणि म्हणाली, "आई, इकडे बघा."